पाच बटणं: जपानमध्ये वृद्धांच्या देखभालीचं काम करायला निघालेल्यांसाठी

आजींना स्वेटरची पाच बटणं लावायला बारा मिनिटं लागायची. नागानो प्रांतातल्या त्या केअर होममध्ये माझा तिसराच आठवडा होता. नाश्त्याची वेळ टळत चालली होती म्हणून मी पुढ्यात बसले आणि पटापट पाचही बटणं लावून दिली. आजी काही बोलल्या नाहीत. दुपारी आमच्या वरिष्ठ ताईंनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, "त्यांना आज बटणं लावता येत नव्हती का?" येत होती. "मग आज त्यांच्या हातून पाच बटणं गेली."

मला रडू आलं. मी जामखेड तालुक्यातली. एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला, त्यानंतर दोन वर्षं नगरला एका खासगी रुग्णालयात काम केलं. म्हाताऱ्या माणसाला काही करू न देणं म्हणजे सेवा, हेच लहानपणापासून पाहिलं होतं. आमच्या आजीला आम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही, आणि दोन वर्षांत ती खाटेवरून उठेनाशी झाली. हे दोन धागे मी तोवर कधी जोडलेच नव्हते. जपानी भाषेत देखभालीला 'काइगो' म्हणतात, आणि तिचा पाया आहे 'जिरित्सु शिएन', म्हणजे माणसाला स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून लागेल तेवढाच हात देणं. तिथे जाण्याआधी एवढी एक गोष्ट पक्की समजून घ्या. बाकीचं शिकता येतं.

आता यामागची व्यवस्था सांगते, कारण ती कळल्याशिवाय तिथले लोक असे का वागतात ते कळत नाही. जपानमध्ये ६५ च्या पुढची माणसं जवळपास २९ टक्के आहेत. एप्रिल २००० पासून तिथे देखभाल विमा आहे. चाळिशी गाठली की प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. म्हातारपणी गरज लागली की तपासणी होते आणि 'योकाइगो' १ ते ५ अशी पायरी ठरते; ५ म्हणजे सगळ्यात जास्त गरज. मी 'तोकुयो' म्हणतात त्या प्रकारच्या निवासात होते. तिथे साधारणपणे तिसऱ्या पायरीपासून पुढच्यांनाच प्रवेश मिळतो. प्रत्येकाचा लेखी आराखडा केअर मॅनेजर तयार करतात. आजींच्या आराखड्यात 'वरचे कपडे स्वतः घालणे' हे उद्दिष्टच लिहिलेलं होतं. तो आराखडा मला वाचता येत नव्हता, आणि न वाचता मी त्याच्या उलट वागले होते.

जायचं कसं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. जपाननं एप्रिल २०१९ मध्ये 'विशिष्ट कुशल कामगार' हा व्हिसा सुरू केला आणि भारतानं त्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये जपानशी करार केला. देखभालीच्या कामासाठी तीन परीक्षा लागतात: सामान्य जपानी (जेएलपीटी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक), काइगोची कौशल्य परीक्षा आणि काइगोची जपानी. शेवटची परीक्षा अवघ्या १५ प्रश्नांची असते. ती सोपी समजू नका, आणि एन-४ पुरेल असंही समजू नका. एन-४ वर विमानात बसता येतं. रात्री दोन वाजता घाबरून उठलेल्या आजोबांशी बोलायला त्याच्या वरची पातळी, म्हणजे एन-३ लागते. सहा महिने जास्त लागले तरी चालतील, पण एन-३ करून जा. पुण्यात जपानी शिकवणारे चांगले शिक्षक पिढ्यान् पिढ्या आहेत, ते सोडून 'तीन महिन्यांत जपान' म्हणणाऱ्यांच्या मागे लागू नका.

नर्सिंग झालेल्या मुलींनो, हे नीट ऐका. आपली एएनएम-जीएनएमची नोंदणी तिथे नर्स म्हणून चालत नाही. तुम्ही देखभाल कर्मचारी म्हणून जाता. इंजेक्शन द्यायचं नाही, आणि वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय सक्शनही (नळीनं कफ ओढून काढणं) करायचं नाही. पहिले काही महिने हे फार लागतं. मलाही लागलं. या व्हिसावर साधारणपणे एकूण पाच वर्षं राहता येतं आणि नवरा-मुलांना सोबत नेता येत नाही. त्या पाच वर्षांत 'काइगो फुकुशिशी' (प्रमाणित देखभाल कर्मचारी) ही राष्ट्रीय परीक्षा पास झालात तर 'काइगो' हा वेगळा निवास-दर्जा मिळू शकतो. तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो आणि त्यावर कुटुंबही येऊ शकतं. पण परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षं काम आणि एक लांबलचक प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. ही गणितं लग्न ठरायच्या आधी घरच्यांसमोर मांडा.

पैशांचं सांगते. मला पहिल्यांदा भेटलेल्या एका एजंटनं दीड लाख अनामत मागितली होती, आणि 'मध्येच सोडलं तर दंड' असा कागदही पुढे केला होता. वडील शेत गहाण ठेवायला निघाले होते. या व्हिसाच्या नियमांत अनामत आणि दंडाचे करार दोन्ही बसत नाहीत. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. एजंटची नोंदणी आहे की नाही, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. पगार तेच काम करणाऱ्या जपानी माणसाइतका किंवा त्याहून जास्त असला पाहिजे, हाही नियम आहे. कागद जपानीत असेल तर सही करण्याआधी तुमच्या शिक्षकांकडून ओळ न् ओळ वाचून घ्या.

आता प्रत्यक्ष काम. स्पर्श करण्याआधी बोलायचं, दर वेळी. याला 'कोए-काके' म्हणतात. "उजवा हात उचलते हं", "आता उशी काढते." समोरचा माणूस बोलू शकत नसला तरी हे बोलायचंच. हाक आडनावानं मारायची आणि पुढे 'सान' लावायचं. बटणांच्या आजींना मी प्रेमानं जपानीत 'आजी' म्हणून हाक मारली तेव्हा मला थांबवलं गेलं. आपल्याकडे आजी म्हटलं की जवळीक होते. तिथे त्या बाई ४० वर्षं शाळेत शिकवून आल्या होत्या, आणि कुणीतरी परकी मुलगी येऊन त्यांचं नाव काढून घेत होती. (या लेखात मी त्यांना आजीच म्हणते आहे. मराठीत मला दुसरं काही म्हणता येत नाही.)

अर्धांगवायू झालेल्यांचे कपडे काढताना चांगल्या बाजूनं सुरुवात करायची आणि घालताना दुखऱ्या बाजूनं. 'दाक्केन चाक्कान' हे चार अक्षरांचं सूत्र परीक्षेतही येतं आणि रोज सकाळीही लागतं. गिळायला त्रास होणाऱ्यांच्या पाण्यात, चहात, सूपमध्ये 'तोरोमी' घालून घट्टपणा आणावा लागतो. प्रत्येकाचा घट्टपणा वेगळा आणि ठरलेला असतो. तिथे अंदाज चालत नाही. अंघोळ आठवड्यातून किमान दोनदा. नागानोच्या थंडीत कपडे बदलायची खोली आधी गरम करावी लागते, कारण गार खोलीतून गरम पाण्यात जाताना रक्तदाब एकदम वर-खाली होऊन माणूस कोसळू शकतो.

भाषेची माझी खरी परीक्षा एका आजोबांनी घेतली. ते सारखे म्हणायचे, "गोशिताई." पुस्तकात तो शब्द नव्हता. मला वाटलं काहीतरी मागताहेत, म्हणून मी पाणी देत राहिले, चादर देत राहिले. तो नागानोकडचा बोलीतला शब्द आहे, अर्थ 'थकलोय'. ते सकाळपासून खुर्चीत बसून होते आणि त्यांना आडवं व्हायचं होतं. त्या रात्री मी 'हियारी हात्तो' लिहिला. चूक होता होता राहिली किंवा लहानशी झाली, की ती लिहून ठेवायची तिथली पद्धत आहे. आधीच्या नोकरीत मी चूक लपवायला शिकले होते, कारण सांगणाऱ्यालाच बोलणी बसायची. इथे दुसऱ्या दिवशीच्या 'मोशिओकुरी'त, म्हणजे पाळी बदलतानाच्या बैठकीत, माझा कागद वाचला गेला. एका जपानी मुलानं लगेच सांगितलं, तो तोक्योहून आला तेव्हा त्यालाही हा शब्द कळला नव्हता.

दोन देशांतलं सहकार्य म्हणतात ते मला त्या कागदावर दिसलं. नियमाप्रमाणे दर तीन महिन्यांनी आमची आणि आमच्या वरिष्ठांची, परदेशी कर्मचाऱ्यांना मदत करणाऱ्या सहायक संस्थेकडून मुलाखत व्हायची. पुढच्या मुलाखतीत आमच्या ताईंनी सुचवलं की पुण्यातल्या आमच्या शिक्षिकेशीही बोलू या. त्या दोघी व्हिडिओवर भेटल्या. शिक्षिकेनं विचारलं, "मुली कुठे अडतात?" ताईंनी सांगितलं, "व्याकरणात नाही. 'नाही जमलं' म्हणण्यात आणि म्हाताऱ्यांच्या बोलीत." मग आम्ही यादी करायला घेतली: बोलीतले शब्द, दुखण्याचे प्रकार (ठणकणं, चमक येणं, जळजळ यांना जपानीत वेगवेगळे नादशब्द आहेत), शौचाविषयीचे सभ्य शब्द. रहिवाशांनीही भर घातली. बटणांच्या आजींनी शिक्षिका असल्याच्या अधिकारानं माझं अक्षर तपासलं.

याच नागानोत डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी यांनी साकूच्या रुग्णालयातून गावोगावी फिरून काम केलं. लोकांना आरोग्य समजावं म्हणून त्यांनी नाटकंसुद्धा केली. त्यांना १९७६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९७९ चा, गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवणाऱ्या आमच्या जामखेडच्या डॉ. आरोळे दाम्पत्याला. मी हे ताईंना सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. जामखेडच्या कमी शिकलेल्या बायका गावाचं आरोग्य कशा सांभाळू लागल्या, हे त्यांनी मला बैठकीत सगळ्यांसमोर सांगायला लावलं. माझं पहिलं अर्ध्या तासाचं जपानी भाषण ते. तुमच्या गावाकडचं जे ठाऊक आहे ते घेऊन जा. तिथे ते विचारतात, आणि मन लावून ऐकतात.

जेवणाबद्दल थोडक्यात: शाकाहारी असाल तर 'दाशी' हा शब्द आधी शिका. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा माशाचं पाणी असतं. प्रेशर कुकर आणि गोडा मसाला घरून न्या.

ती यादी आता अकरा पानांची झाली आहे. पुण्याच्या वर्गात प्रत्येक नव्या तुकडीला ती पहिल्या आठवड्यात मिळते. वरचा पहिला शब्द 'गोशिताई' आहे, आणि त्याच्यासमोर ताईंच्या अक्षरात लिहिलंय: पाणी देऊ नका, आधी विचारा.