१३४८ ते १४८५ चं इंग्लंड वाचताना या चुका टाळा

उत्तरमध्ययुगीन इंग्लंडवरची उत्तरं तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: "प्लेगनंतर शेतकरी उपासमारीने गांजले आणि म्हणून १३८१ मध्ये त्यांनी उठाव केला." वाक्य ऐकायला पटतं, पण ते चुकीचं आहे. ही एकच चूक नीट उलगडली तर या काळाबद्दलचे निम्मे गैरसमज आपोआप सुटतात, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

जून १३४८ मध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, मेल्कम रेजिस बंदरात साथ उतरली. दीडेक वर्षात इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली आणि १३६१ मध्ये साथ पुन्हा आली. दुःख अपार होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण जमीन होती तेवढीच राहिली आणि ती कसणारे हात मात्र फार कमी झाले. जो जगला त्याच्या श्रमाला भाव आला. मजूर जास्त पैसे मागू लागले, कुळं कमी खंडाची जमीन शोधत दुसऱ्या गावी जाऊ लागली. घाबरले ते जमीनदार. १३४९ चा वटहुकूम आणि १३५१ चा मजुरांचा कायदा त्यातूनच आला. मजुरी एडवर्ड तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या विसाव्या वर्षी, म्हणजे १३४६ मध्ये होती तेवढीच राहावी, असा हुकूम झाला. गवत कापणाऱ्याला दिवसाला ५ पेनी, गवत वाळवायला १ पेनी, मुख्य सुताराला ३ पेनी.

म्हणजे १३८१ मध्ये उठले ते केवळ नागवलेले लोक नव्हते. ज्यांचं जरा बरं चाललं होतं आणि ज्यांची वाट कायद्याने अडवली होती, तेही त्यात होते. माझ्या मते हे कळलं की या शतकाचा चेहराच बदलतो.

कायद्यातला दर म्हणजे हातात पडलेला दर नव्हे

वरचे दर अनेक जण "त्या काळची मजुरी" म्हणून उतरवतात. ती मजुरी मालकांना हवी होती तेवढी. प्रत्यक्षात लोक जास्त घेत होते, आणि हे आपल्याला कळतं ते जास्त घेतल्याबद्दल झालेल्या दंडाच्या नोंदींवरून. तोच प्रकार १३६३ च्या पोशाखाच्या कायद्याचा. कुठल्या दर्जाच्या माणसाने कसलं कापड अंगावर घालावं हे त्यात ठरवलं होतं आणि तो लवकरच मागे घ्यावा लागला. ज्याची मनाई केली आहे ते लोक करू लागले होते, एवढं तरी अशा कायद्यावरून नक्की समजावं.

डोईपट्टीची यादी म्हणजे जनगणना नव्हे

१३७७ मध्ये १४ वर्षांवरच्या प्रत्येकावर ४ पेनी डोईपट्टी बसली. १३८० च्या अखेरीस नॉर्दॅम्प्टनच्या संसदेने १५ वर्षांवरच्यांसाठी ती १२ पेनी केली. आता हिशेब करून पाहा. सुतार आणि त्याची बायको मिळून २४ पेनी, म्हणजे कायद्याच्या दराने आठ दिवसांची कमाई. गवत वाळवून पोट भरणाऱ्या एकट्या बाईला त्याच दराने बारा दिवस राबावं लागणार. श्रीमंतांनी गरिबांचा भार उचलावा अशी तरतूद होती खरी, पण ज्या गावात श्रीमंतच नव्हता तिथे भार उचलणार कोण?

लोकांनी माणसं लपवली. १३७७ च्या यादीत सुमारे साडेतेरा लाख करदाते आहेत. १३८१ मध्ये ते सुमारे नऊ लाखांवर आले. हे आकडे शेजारी ठेवून "चार वर्षांत एक तृतीयांश लोकसंख्या घटली" असं लिहिलेलं मी वाचलं आहे. माणसं मेली नव्हती, यादीतून गळली होती, आणि त्यात विधवा, लग्न न झालेल्या मुली, घरात राहणारी बहीण अशा बायका बऱ्याच असाव्यात. म्हणून कुठलीही जुनी यादी हातात आली की आधी हे विचारा: ही कशासाठी केली आणि नाव नसण्यात कुणाचा फायदा होता?

ही गळती शोधायला सरकारने पुन्हा तपासनीस पाठवले. ३० मे रोजी एसेक्समधल्या ब्रेंटवुडला गावकऱ्यांनी त्यांना हुसकावून लावलं. तिथून ठिणगी पडली.

"शेतकऱ्यांचा उठाव" हे नाव पूर्ण नाही

त्या गर्दीत कारागीर होते, लंडनची माणसं होती, आणि गावचे कारभारी, कॉन्स्टेबल, मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या इलाख्याच्या, न्यायसभेत पंच म्हणून बसणारेही होते. हे लोक कागद ओळखून होते. म्हणूनच गावोगावी त्यांनी न्यायसभेच्या चर्मपत्री गुंडाळ्या जाळल्या. त्यात काय असायचं? कूळ मेलं की त्याचं सर्वांत चांगलं जनावर मालकाने नेलं, मुलीच्या लग्नाची परवानगी घ्यायला बापाने पैसे भरले, अमुक घराने मालकाच्या शेतात इतके दिवस वेठ करायची. कोण स्वतंत्र आणि कोण बांधील याचा पुरावा त्या गुंडाळीत होता. त्या जाळण्याला "अडाणी लोकांची नासधूस" म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

१४ जूनला माइल एंडला चौदा वर्षांच्या रिचर्ड दुसऱ्याने दास्यमुक्तीच्या सनदा कबूल केल्या, १५ जूनला स्मिथफील्डला उठावाचा पुढारी वॉट टायलर मारला गेला, २ जुलैला सनदा रद्द झाल्या. इथे दोन उलट चुका होतात. कुणी लिहितं की उठावाने भूदासत्व, म्हणजे कुळाचं मालकाला बांधील असणं, संपलं, कुणी लिहितं की उठाव फसल्याने ते तसंच राहिलं. खरं तर ते कुठल्याही एका कायद्याने संपलं नाही. माणसं निघून गेली, मालकांनी स्वतःची शेती खंडाने लावली, वेठीच्या जागी रोख रक्कम आली, आणि पंधराव्या शतकात ते झिजत गेलं. तरीही १५७४ मध्ये पहिल्या एलिझाबेथला राजघराण्याच्या जमिनींवरचे उरलेले भूदास मोकळे करण्यासाठी माणसं नेमावी लागली.

मराठी शब्दांचीही इथे गफलत होते. भूदास म्हणजे गुलाम नव्हे. त्याच्याकडे वंशपरंपरेने जमीन असे. आणि "सरंजामशाही" म्हटलं की मराठेशाहीतला सरंजाम, फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल, डोळ्यांपुढे येतो. या काळातला इंग्रज उमराव माणसं बांधून ठेवायचा ती बहुतेकदा रोख वार्षिक नेमणूक आणि आपल्या घराण्याचा गणवेश देऊन. एक शब्द दोन्हीकडे चालवायचा तर हा फरक लिहून चालवा.

चर्चकडे पुढच्या शतकातून पाहू नका

आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी नातं तोडलं हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे त्याआधीची दीडशे वर्षं चर्च पोखरलेलंच होतं असं आपण धरून चालतो. सफकमधल्या लॅव्हनमचं चर्च पाहा. कापडाच्या व्यापारातून आलेल्या पैशाने, गावातल्याच श्रीमंत कुटुंबांनी आणि तिथल्या उमरावाने ते पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून उभं केलं. ज्यांची श्रद्धा उडाली ते असा खर्च करत नाहीत. १३५१ आणि १३५३ चे कायदे पोपच्या नेमणुका आणि रोमकडे नेली जाणारी अपिलं यांच्याविरुद्ध होते, धर्माविरुद्ध नव्हते. १३८१ मध्ये आर्चबिशप सायमन सडबरीचा शिरच्छेद झाला, पण तो चॅन्सेलर, म्हणजे राजाचा मुख्य कारभारी, होता आणि डोईपट्टीचं खापर त्याच्यावर फुटलं होतं. त्याच्याबरोबर खजिनदार रॉबर्ट हेल्सही मारला गेला.

चर्चवर टीका करणारा धर्मपंडित जॉन विक्लिफ याला जिवंत जाळलं असं लिहू नका. तो १३८४ मध्ये लटरवर्थला आजारपणाने वारला. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने त्याला पाखंडी ठरवलं आणि १४२८ मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पाखंड्यांना जाळण्याचा इंग्लंडचा कायदाच १४०१ चा आहे.

राजसत्तेबद्दल थोडक्यात: राजा निरंकुश नव्हता. १३२७ आणि १३९९ मध्ये दोन राजांना पायउतार व्हावं लागलं, आणि १३७६ च्या संसदेत कॉमन्सने, म्हणजे परगण्यांच्या आणि शहरांच्या प्रतिनिधींनी, पीटर डी ला मेअरच्या तोंडून राजाच्या जवळच्या माणसांवर खटले भरले. पण त्याला लोकशाहीही म्हणू नका. १४२९ च्या कायद्याने परगण्यातलं मत वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरतंच उरलं. गुलाबांची युद्धं, म्हणजे लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांची गादीसाठीची भांडणं, हीही तीस वर्षं सलग चालली नव्हती, मध्ये शांततेची वर्षंच्या वर्षं गेली.

तारीख किंवा रक्कम जुळत नसेल तर

वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्याच युद्धांतली मॉर्टिमर्स क्रॉसची लढाई आपण फेब्रुवारी १४६१ मध्ये धरतो, तेव्हाच्या गणतीने ते १४६० होतं. कागदावर राजवर्ष, म्हणजे राजा गादीवर बसल्यापासून मोजलेलं वर्ष, असेल तर गादीवर बसल्याचं वर्ष घ्या, त्यात राजवर्ष मिळवा आणि एक वजा करा: एडवर्ड तिसरा १३२७, त्याचं विसावं वर्ष १३४६. हे वर्ष गादीवर बसल्याच्या तारखेलाच सुरू होतं, १ जानेवारीला नाही. एडवर्डचं २५ जानेवारीला, रिचर्ड दुसऱ्याचं २२ जूनला. म्हणून टायलर मारला गेला ते रिचर्डचं चौथं वर्ष आणि सनदा रद्द झाल्या ते पाचवं, मधे फक्त सतरा दिवस. पैशांत १२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. आणि "मार्क" दिसला तर ते नाणं शोधू नका. तो १६० पेनींचा हिशेबातला आकडा आहे. १०० मार्क म्हणजे ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेनी.