बोटीत कार्पेट घालायचंय? आधी हे सगळं जमवून ठेवा

मागच्या रविवारी परत एक फोन आला, आमच्याच बडोद्यातल्या अकोट्याकडच्या एका सोसायटीतून, की तुमच्या बोटीत कार्पेट घातलंय म्हणे, आम्हालाही घालायचंय, काय काय आणून ठेवू. अर्धा तास बोललो आणि शेवटी समोरच्याने विचारलंच, मग फेविकॉलचा केवढा डबा आणू? म्हटलं भाऊ थांबा, लिहूनच काढतो.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 26 फूट आहे, आमचा पूर्ण तळमजला पाण्यात, आणि वरच्या मजल्यावरचे लोक दोरीला पिशव्या बांधून दूध वर ओढत होते. त्यानंतर वर्गणी काढून आम्ही एक जुनी 12 फुटी ॲल्युमिनियमची बोट आणली, अलंगच्या रस्त्यावर तोडलेल्या जहाजांतल्या मालाची दुकानं आहेत ना, तिथून. बोट मस्त, पण उन्हात तळाचा पत्रा असा तापतो की पाय ठेववत नाही आणि ओला झाला की नुसता साबण. आजी-आजोबांना तिच्यात उतरवायचं तर खाली काहीतरी धरून ठेवणारं हवंच.

पहिल्या वेळी आम्ही काय केलं, तर मांडवातलं उरलेलं कार्पेट घेतलं, सुतारकामाचा पांढरा गोंद थापला आणि सरळ पत्र्यावर चिकटवलं. दोन तासांत काम फत्ते, फोटो वगैरे काढले. पावसाळा संपल्यावर बोटीजवळ गेलं की ओल्या कुत्र्यासारखा वास. कार्पेट हाताने ओढलं तर पापडासारखं सुटलं, खाली सगळीकडे पांढरी भुकटी आणि ती पुसली तर पत्र्यात मोहरीएवढे खड्डे. ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण समजतो, पण ते टिकतं ते त्याच्यावरच्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे, आणि त्या थराला हवा लागते. वर ओलं फडकं महिनोन्‌महिने दाबून ठेवलं की तो थर तुटतो आणि परत बनत नाही. म्हणून आता आमच्याकडे ठरलंय, कार्पेट प्लायला चिकटवायचं, प्लाय बोटीत नुसती बसवायची, आणि ती कधीही उचलून उन्हात टाकता आली पाहिजे. खालची सगळी तयारी त्याच हिशोबाने आहे.

आधी वेळ ठरवा. होळी झाली की काम काढायचं आणि जून लागायच्या आत मोकळं व्हायचं. मे महिन्यात दुपारी अजिबात नको, 42 डिग्रीत गोंद हात फिरवेपर्यंत सुकतो, सकाळी सात ते दहा बरं.

मग गळती बघा, आणि हे कार्पेट आणायच्याही आधी, कारण वरून झाकल्यावर गळती शोधणं म्हणजे देवाला साकडं. बोट चार-पाच जुन्या टायरांवर ठेवा, मधल्या कण्यालाही आधार द्या, आणि आत दोन इंच पाणी भरा. जास्त नाही हं, एवढ्यातच दीडशे-दोनशे लिटर जातं, म्हणजे तितकेच किलो, आधार नसला तर तळ वाकेल. बाहेरून पत्रा कोरडा पुसा आणि खाली आडवं होऊन बघा, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या टोकाशी थेंब धरतो तिथे मार्करने गोल करा. आमच्याकडे अकरा गोल निघाले. सोसायटीतले काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांनी आतून एकाला जड लोखंडी ठोकळा धरायला लावला आणि बाहेरून हातोडीने टकटक करत आठ रिव्हेट तिथल्या तिथे घट्ट केले, ते बघण्यासारखं होतं, कानाने काम करतात, आवाज बदलला की म्हणतात बस. उरलेले तीन बदलले. बदलायचे तर बंद तोंडाचे पॉप रिव्हेट मागा, साध्या पॉप रिव्हेटच्या मधून आरपार भोक असतं, तिथूनच पाणी येतं. सोबत पॉलियुरेथेनचं सीलंट, सिलिकॉन नको, कारण एकदा सिलिकॉन लागलं की नंतर त्या जागी दुसरं काही चिकटत नाही.

साफसफाईला प्लॅस्टिकची खरवडणी, थिनर, जुने सुती कपडे आणि भांडी घासायची हिरवी घासणी. लोखंडी तारेचा ब्रश घरीच ठेवा, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि मग तिथून गंज सुरू. तळाच्या फटीतली नाणीसुद्धा वेचून काढा. हसू नका, दसऱ्याला पूजा करताना कोणीतरी पिवळं नाणं टाकलं होतं, पिवळ्या नाण्यात तांबं असतं, ओल्या जागी तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम झिजतं. त्या नाण्याखाली बरोब्बर नाण्याच्या आकाराचा डाग निघाला. ह्याच कारणाने पितळी स्क्रू पण नकोत, स्टेनलेसचेच घ्या आणि खाली नायलॉनचा वॉशर. धुऊन झालं की पाणी सोडायच्या मागच्या भोकाचं बूच काढून बोट दोन दिवस तिरकी ठेवून वाळवा, पाणी मागच्या भोकाकडे सरळ पळतंय का, की रिबच्या, म्हणजे तळावरच्या आडव्या पट्टीच्या, मागे कुठे अडतंय, ते ह्याच वेळी कळतं. अडत असेल तर तिथे प्लायला खालून खाच द्यायची हे लिहून ठेवा. सीटखाली जो फोम भरलेला असतो तो मात्र काढू नका, बोट पाण्याने भरली तर तोच तिला वर ठेवतो.

माप घ्यायला फ्रिजचा खोका सगळ्यात भारी. कार्डबोर्ड बोटीत बसवून कापत कापत जायचं, आणि त्यावर ठसठशीत लिहायचं, वरची बाजू, पुढे, डावी. आम्ही लिहिलं नव्हतं, एक तुकडा आरशातला कापला गेला आणि तेवढी प्लाय वाया. तळाचे तीन भाग करा, म्हणजे सीटच्या मधून एकटा माणूस उचलू शकतो. कार्पेट कडेवरून खाली वळतं, त्याची जाडी दोन्ही बाजूंनी धरा आणि वर पेन्सिल जाईल एवढी फट सोडा. नाहीतर कोरडं असताना बसतं, भिजलं की अडकतं.

प्लाय 12 एमएमची, आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात चालणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून, दुकानात नुसतं 710 म्हटलं तरी समजतात. एका आठ बाय चारच्या शीटचं वजन 25 किलोच्या आसपास, रिक्षात नाही जाणार. आणि इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, ह्या प्लायला कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध दिलेलं असतं आणि त्यात तांब्याचा क्षार असू शकतो. म्हणजे परत तेच. म्हणून सगळ्या बाजूंनी, कडांना आणि उचलायला हाताची बोटं घालायच्या भोकांना आतून सुद्धा, इपॉक्सीचे दोन-तीन हात, आणि जिथे प्लाय रिबवर टेकते तिथे रबराची पट्टी. इपॉक्सी पूर्ण कडक झाली की 120 नंबरच्या पॉलिश पेपरने वरची बाजू खरखरीत करा, गुळगुळीतवर गोंद धरत नाही.

आता कार्पेट. पॉलिप्रॉपिलीनचं, आखूड लवेचं, मागे तागाचं अस्तर नसलेलं. दुकानदार सगळ्यालाच वॉटरप्रूफ म्हणतो, त्यामुळे एक धागा उपटून पाण्याच्या ग्लासात टाका, पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, दाबून बुडवलं तरी वर येतं. मागे जाड रबर असलेलं दिसायला छान, पण आत गेलेलं पाणी बाहेर सोडत नाही, मला नाही आवडलं. रंग फिका राखाडी घ्या, काळं घेतलं तर पुन्हा पाय भाजणार आणि मग एवढं सगळं केलं कशाला. घेण्याआधी फूटभर तुकडा मागून घ्या आणि घरच्या किचनच्या काट्यावर कोरडा आणि भिजवून निथळलेला असं दोनदा वजन करा, आमचा चौपटीच्या जवळ गेला. प्लाय आणि ओलं कार्पेट मिळून जेवढं भरेल तेवढं वजन माणसांच्या हिशोबातून कमी करा आणि किती माणसं बसणार तो आकडा बोटीवर रंगवून टाका. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, आपल्या गावात हे वेगळं समजवायला नको. लाइफ जॅकेट सीटइतकी नाही तर माणसांइतकी.

गोंद सिंथेटिक रबरचा, एसआर म्हणून मिळतो. पांढरा नको, तो पाण्यात मऊ पडतो. हा दोन्ही बाजूंना लावायचा, प्लायला पण आणि कार्पेटला पण, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला तार सुटायची बंद झाली की मग ठेवायचं, आणि एकदा ठेवलं की सरकत नाही, म्हणून दोन माणसं हवीतच. डब्यावर जो हिशोब लिहितात तो एका बाजूचा आहे की दोन्हीचा ते बघूनच डबे घ्या. वास डोक्यात जातो आणि वाफ पेट घेते, त्यामुळे मोकळ्या जागेत, जवळ कोणाची बिडी नको की चहाचा स्टोव्ह नको. गोंद पसरायला दात्यांची पत्री, हातमोजे, कटरची पाच-सहा नवी पाती (बोथट पातं लव ओढतं), आणि खालच्या बाजूला ठोकायला स्टेनलेसच्या स्टेपल पिना. दाबायला रोलर नव्हता म्हणून मी घरातलं लाटणं आणलं, आईने ते परत स्वयंपाकघरात घेतलेलं नाही, तेव्हा दुसरं विकत घ्या.

आदल्या रात्री कार्पेट गच्चीवर उलगडून ठेवा, घड्या सपाट होतात. हात फिरवून लव कोणत्या दिशेला झोपते ते बघा आणि तिन्ही तुकड्यांच्या मागे खडूने एकाच दिशेचा बाण काढा, नाहीतर एकाच रोलचे तीन रंग दिसतात.

आणि ते बूच. वाळवताना काढलेलं असतं आणि मग कोणालाच आठवत नाही कुठे ठेवलं. आमचं तीन आठवड्यांनी वॉचमनच्या टेबलाच्या खणात सापडलं, त्याला वाटलं टाकीचं आहे. त्याच मापाचं अजून एक आणा आणि सुतळीने मागच्या कडीलाच बांधून टाका.