गोल्फची सुरुवात : चार क्लब आणि एक पकड

नियमांनुसार पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठ्या, ठेवता येतात, पण नवशिक्याने ते सगळे पहिल्याच महिन्यात विकत घेण्याचे काही कारण नाही. सात नंबरचे आयर्न (मध्यम अंतराच्या फटक्यासाठी), पिचिंग वेज (जवळून मारायच्या उंच, छोट्या फटक्यासाठी), एक हायब्रिड (लांब फटक्यासाठी) आणि पटर (चेंडू जमिनीवरून भोकाकडे ढकलण्यासाठी) एवढ्यावर सुरुवात उत्तम होते. ते वापरलेले मिळाले तरी हरकत नाही. आयर्न मागून पोकळ केलेले, म्हणजे कॅव्हिटी बॅक प्रकारचे घ्यावे, कारण त्याचे वजन कडांकडे वाटलेले असल्यामुळे चेंडू मधोमध लागला नाही तरी क्लबचे तोंड, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, कमी फिरते. ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचा, मोह मात्र आवरावा.

खरे काम पकडीचे आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर असतो, आणि दांडी तळहातात न रुतवता बोटांच्या मुळांशी तिरकी टेकवून धरायची असते. माझा हातमोजा मनगटाजवळच्या मांसल भागावर वारंवार फाटत असे. दोष मी कातड्याला देत होतो, पण दांडी तळहातात घसरत होती.

आयर्नने चेंडू उचलण्याचा प्रयत्न करू नये. तो वर नेण्यासाठी क्लबच्या तोंडाचा कल पुरेसा असतो. क्लब आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागला पाहिजे. सरावासाठी गवतावर चुन्याची रेघ ओढावी, चेंडू न ठेवता तिच्यावर स्विंग करावा आणि गवत रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला खरवडले जाते का, ते पाहावे.