खान्देशातल्या जुन्या पेठेचा आराखडा : सुरुवात कुठून करायची

जुन्या पेठेच्या जतनाची बैठक भरली की चर्चा दर्शनी भिंतींच्या रंगावर आणि शोभेच्या दिव्यांवर जाते. ते काम शेवटचं. पेठ मोडते ती गळक्या धाब्यामुळे (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर), दर वेळी चढत गेलेल्या रस्त्यामुळे, रखडलेल्या वारसनोंदींमुळे आणि विकास आराखड्यातल्या रस्तारुंदीच्या रेषेमुळे. लोक घर सोडून कॉलनीत जातात ते याच कारणांनी, आणि बंद घर दोन-तीन पावसाळ्यांत खचायला लागतं.

आधी ठरवा, जपायचं काय. धुळ्यात खान्देशचा पहिला कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीला, 1819 च्या सुमारास, जुन्या गावाशेजारी सरळ गल्ल्यांची नवी पेठ आखली. आजही तिथले पत्ते गल्लीच्या नंबराने सांगतात. तिथला मुख्य वारसा म्हणजे ही आखणीच. एखादं घर पडलं, तरी नवं घर त्याच रेषेत आणि तेवढ्याच रुंदीच्या प्लॉटवर उभं राहिलं तर पेठेचं रूप टिकतं. चार प्लॉट एकत्र करून, पार्किंगसाठी मागे सरकवलेलं कॉम्प्लेक्स आलं की ते मोडतं. अमळनेर, एरंडोलसारख्या गावांच्या जुन्या भागात गल्ली वळत जाते. तिथे ओटे, आतले चौक आणि गल्लीची सावली जपायची. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जाणाऱ्या मुलखात ही सावली चैनीची गोष्ट नाही. धुळ्याचा नियम उचलून अमळनेरला लावू नका.

मग घरोघर नोंद. प्रत्येक मिळकतीचा एक कागद : सिटी सर्व्हे क्रमांक, मिळकत पत्रिकेवरची नावं आणि प्रत्यक्ष राहणारे, भाडेकरू, मजले, भिंतीचा प्रकार, छप्पर, वापर, वायरिंगची स्थिती. फोटो चार : दर्शनी बाजू, ओटा, चौक, छप्पर. पाहणी दोनदा करा, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसाळ्यात. भेगा उन्हाळ्यात दिसतात; काळ्या मातीवरच्या पायाची भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते, म्हणून तिची रुंदी दोन्ही वेळी मोजून तारीख टाकून लिहा. फरक पडत असेल तर भेग बुजवून उपयोग नाही, पायाजवळ मुरणारं पाणी आधी बंद करा. गळती मात्र पावसातच कळते.

धाब्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. दर पावसाळ्याआधी वर माती टाकायची रीत आहे, पण जुनी माती काढली जात नाही आणि थर वाढत जातो. 15 सेंमी मातीचं वजन चौरस मीटरला साधारण 250 किलो भरतं, 30 सेंमी झाली की 500. ओली झाल्यावर आणखी. तुळई बहुधा मधे मोडत नाही. भिंतीत गेलेलं तिचं टोक कुजतं, कारण तिथे ओल आणि वाळवी दोन्ही असतात. टोकाशी पेचकस दाबून पाहा. सहज आत गेला तर आधी टेकू द्या, नंतरच माती उतरवा, तीही दोन्ही बाजूंनी सारखी. 10 ते 12 सेंमी थर ठेवून उताराची दिशा सुधारा आणि कुजलेलं टोक कापून सागाचा जोड द्या. मातीच्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकू नका. वजन वाढतं आणि कडक स्लॅब व मऊ भिंत यांच्यात तडे जातात. सिमेंटचा गिलावाही नको. भिंतीतली ओल आतच कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे निघतात. त्याऐवजी चुन्याचा गिलावा करा : एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू, 10-12 मिमीचा थर, किमान सात दिवस ओलं गोणपाट. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. एप्रिलच्या झळांत चुना घट्ट होण्याआधीच वाळतो.

जुन्या काँक्रीटवर 15 सेंमीचा नवा थर असं दोनदा झालं, की रस्ता ओट्याच्या बरोबरीला येतो आणि गल्लीचं पाणी घरात शिरतं. म्हणून निविदेतच अट घाला : आधीचा थर खरवडून काढायचा आणि तयार रस्ता सर्वांत खालच्या ओट्यापेक्षा किमान 15 सेंमी खाली ठेवायचा. गटार, पाणी आणि केबल एकाच खोदाईत. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीराम मंदिराचा रथ निघतो, अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांचा. अशा रथमार्गावर चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत असावीत, वीजतारा जमिनीखाली घ्याव्यात. पेव्हर ब्लॉक तिथे टाळाच; रथाच्या चाकाखाली आणि मोगरीच्या (चाकाखाली लावायच्या लाकडी पाचरीच्या) माराने ते निखळतात. लाकडी घरांच्या गल्लीत आगीचा बंब कुठपर्यंत पोचतो ते प्रत्यक्ष गाडी नेऊन तपासा. त्यापुढच्या भागासाठी दाबाच्या पाण्याचा नळ हवा.

कायद्याची बाजू. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 22 मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा समावेश आहे. प्रारूप आराखडा कलम 26 खाली प्रसिद्ध झाला, की पहिल्याच आठवड्यात रस्तारुंदीची रेषा घरांच्या यादीवर ठेवून पाहा आणि मुदतीत लेखी हरकत द्या. प्रत्येक घराचा सिटी सर्व्हे क्रमांक, फोटो आणि पर्यायी वाहतुकीचा नकाशा जोडलेली हरकत सुनावणीत टिकते. नुसतं ‘पेठ वाचवा’ लिहिलेलं निवेदन टिकत नाही. आराखडा मंजूर झाल्यावर कलम 37 चा फेरबदल हा लांबचा रस्ता आहे. जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. दुरुस्तीलाही लागते, हे घरमालकांना आधीच सांगा.

वारसा वास्तूंच्या यादीत सगळ्यांनाच श्रेणी 1, म्हणजे सर्वांत कडक जतनाची श्रेणी, देण्याचा मोह होतो. मालक बिथरतात आणि रातोरात दारं-खांब विकले जातात. श्रेणी 1 मोजक्या वास्तूंना ठेवा, श्रेणी 2 मध्ये दर्शनी बाजू व चौक जपून आत बदल करू द्या, बाकी श्रेणी 3. हेरिटेज टीडीआरवर (जपलेल्या घराचा न वापरलेला बांधकाम हक्क दुसरीकडे विकता येण्याचं प्रमाणपत्र) छोट्या नगरपालिकेने भिस्त ठेवू नये. विकत घेणारा बिल्डरच नसेल तर प्रमाणपत्र कपाटात राहतं. त्यापेक्षा मागच्या बाजूला संडास-न्हाणीघर बांधायची परवानगी, दुरुस्तीचा एकपानी अर्ज आणि ठरलेल्या मुदतीत निकाल याने जास्त घरं वाचतील. पडलेल्या घरांचं सागवान पालिकेच्या गोदामात नोंद करून ठेवा, म्हणजे शेजारच्या दुरुस्तीला जुळता खांब मिळतो.

वारसांच्या वादात अडकलेल्या घरांसाठी प्रभागातच भूमापन कार्यालयाचं शिबिर घ्या. तरीही तडजोड झाली नाही, तर छपराच्या तात्पुरत्या दुरुस्तीपुरती सर्व वारसांची संमती घ्या. मालकीचा दावा त्यामुळे बदलत नाही, हे त्या कागदावर स्पष्ट लिहा. पहिल्या वर्षाचा निधी टेकू, छपरं आणि गटारं यांवर खर्च करा, आणि मेच्या अखेरीस धोकादायक घरांची यादी पुन्हा फिरून तपासा.