बेसबॉल कार्डांचे पॅक फोडताय? या चुका टाळा

फेब्रुवारीत टॉप्स या कार्डकंपनीची सिरीज वन, म्हणजे खेळाडूंच्या कार्डांची वर्षातली पहिली मालिका, आली की अमेरिकेतल्या कार्डांच्या दुकानांत लगबग सुरू होते. हंगामाला अजून अवकाश असतो, ईशान्येकडच्या मैदानांवर बर्फसुद्धा वितळलेला नसतो, पण नव्या वर्षाचं डिझाइन हातात घेतल्याशिवाय संग्राहकांना चैन पडत नाही. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांतही हे वेड शिरतं. पोरगं लिटल लीग, म्हणजे मुलांचं बेसबॉल, खेळायला लागतं, वाढदिवसाला कार्डांचा बॉक्स मागतं, आणि चार दिवसांनी बघावं तर बाबाच चष्मा कपाळावर चढवून कार्डांच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसलेले! पॅक फोडण्यात काय एवढं चुकणार, असं वाटणं साहजिक आहे. पण चुकतं, आणि जे चुकतं ते बहुतेक घाईमुळेच.

बॉक्स न वाचता घेणं

पहिली घाई दुकानातच होते. एकाच सिरीजचे तीन-चार प्रकारचे बॉक्स असतात आणि वरचं चित्र बरंचसं सारखंच. टार्गेट, वॉलमार्टमध्ये मिळतो तो ब्लास्टर: स्वस्त, थोडे पॅक, आणि सही केलेलं कार्ड निघेलच अशी हमी सहसा नाही. कार्डांच्या दुकानात मिळतो तो हॉबी बॉक्स. २०२४ च्या सिरीज वनच्या हॉबी बॉक्समध्ये २० पॅक, प्रत्येकात १२ कार्डं आणि अख्ख्या बॉक्समागे एक ऑटो किंवा रेलिक अशी हमी होती. ऑटो म्हणजे खेळाडूच्या सहीचं कार्ड, रेलिक म्हणजे जर्सीचा किंवा बॅटचा तुकडा बसवलेलं. याहून मोठा जंबो. हमी नेमकी कशाची आहे हे बॉक्सवर छापलेलं असतं, ते पैसे देण्याआधी वाचायचं.

आता साधं गणित करू. त्या सिरीजचा मूळ संच ३५० कार्डांचा. हॉबी बॉक्समध्ये २० गुणिले १२, म्हणजे २४० कार्डं. त्यांतली काही इन्सर्ट (वेगळ्या डिझाइनची जास्तीची कार्डं) आणि पॅरलल (तेच कार्ड, पण वेगळ्या रंगाचं किंवा चकाकीचं), म्हणजे मूळ संचात न मोजली जाणारी. एकही कार्ड दुबार आलं नाही असं धरलं तरी एका बॉक्समध्ये संच पुरा होणं शक्यच नाही. दुसऱ्या बॉक्सपासून दुबार कार्डांचा ढीग वाढायला लागतो. संच हवा असेल तर तयार संच मिळतो. ठरावीक खेळाडूचं साधं कार्ड हवं असेल तर ते सुटं घ्या. बहुतेक वेळा ते एका पॅकच्या किमतीपेक्षा कमीत मिळतं. पॅक फोडायचा तो फोडण्याच्या मजेसाठी. त्या मजेची किंमत आधीच खर्चात धरली की पुढचे निम्मे रुसवेफुगवे टळतात.

"पण त्या मुलाला लागलंच ना!" हे वाक्य प्रत्येक दुकानात कानावर पडतं. खरं आहे. २०२४ च्या टॉप्स क्रोम अपडेट या चकचकीत कार्डांच्या मालिकेत पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सचं, त्याच्या पदार्पणाच्या सामन्यातल्या जर्सीवरचा पॅच बसवलेलं, सहीचं एकमेव कार्ड होतं. ते लॉस एंजेलिस भागातल्या एका ११ वर्षांच्या मुलाला नाताळच्या भेटीतल्या पॅकमध्ये मिळालं. पायरेट्सनी त्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली होती. कुटुंबाने कार्ड लिलावात काढलं आणि मार्च २०२५ मध्ये त्याचे ११ लाख डॉलरच्या वर आले. पण असं कार्ड जगात एकच होतं, आणि बाकीचे सगळे पॅक त्याच्याविना फुटले, हेही तेवढंच खरं.

शक्यतेचे आकडे वाचतानाही गल्लत होते. एखादं कार्ड "१,२०० पॅकमागे एक" असं लिहिलं असेल तर ती त्या प्रकारच्या सगळ्या पॅकमधली सरासरी असते. १,१९९ फोडून झाले म्हणून पुढच्यात ते येऊन बसत नाही.

एक सावधगिरी सुट्या पॅकबद्दल. बॉक्स उघडून गल्ल्याशेजारी ठेवलेले सुटे पॅक आधी कुणीतरी चाचपून गेलेलं असू शकतं. रेलिकचं कार्ड जाड असतं, बोटांना कळतं. काही महाभाग वजनकाटाही वापरतात. त्यांना चकवायला कंपन्या साध्या पॅकमध्येही कोरं जाड कार्ड घालत आल्या आहेत. तरी शक्यतो बंद बॉक्स घ्या, किंवा दुकानदाराला तुमच्यासमोर सील फोडायला सांगा. या धंद्यातली हाव कुठवर जाते याचा नमुना म्हणजे मे २०२१: विस्कॉन्सिनमधल्या एका टार्गेटच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, पिस्तूल निघालं, आणि टार्गेटने काही काळ दुकानांत कार्डं विकणंच थांबवलं.

कात्री, चहा आणि रमी

आता पॅक हातात आहे. कात्री लांब ठेवा. वरची दातेरी कड कापताना कार्डांची वरची कड तिच्या अगदी जवळ असते, आणि पॅक उलटा-सुलटा हलला की कार्डं सरकून थेट पात्याखाली येतात. पॅकच्या मागे उभी शिवण असते. कार्डं खालच्या बाजूला सरकवून घ्या, वरची दातेरी कड दोन्ही हातांनी धरून पुढचा-मागचा कागद एकमेकांपासून अलगद ओढा, आणि मग मागची शिवण खालपर्यंत सोडवा. कागद पूर्ण उघडला की गठ्ठा उचलून घ्यायचा. अर्धवट फाटलेल्या तोंडातून कार्डं खेचली की कोपरे दुमडतात.

टेबल कोरडं हवं, हात धुतलेले हवेत, आणि चहाचा कप दुसऱ्या टेबलावर. क्रोमच्या चकचकीत पृष्ठभागावर बोटांचे ठसे उठतात आणि चिवड्याचं तेल तर विचारूच नका.

आपल्याकडे सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते रमीच्या सवयीने. गठ्ठा हातात आला की बोटं आपोआप पत्त्यांसारखी कार्डं पसरतात, पिसतात. त्यात एका कार्डाचा कोपरा दुसऱ्याच्या चकाकीवरून घासत जातो आणि बारीक रेघ उमटते. सरळ बघितलं तर ती दिसत नाही, दिव्याखाली तिरकं धरलं की दिसते, आणि घेणारा तिरकं धरूनच बघतो. गठ्ठा टेबलावर ठेवा, वरचं एक कार्ड कडांना धरून उचला, बघा, बाजूला ठेवा. सरकवायचं नाही, उचलायचं.

जुना पॅक फोडलात तर कार्डं एकमेकांना चिकटून वीट झालेली असू शकतात. नव्वदच्या दशकातल्या चकचकीत कार्डांचा हा जुना रोग आहे. नखाने सोलायला जाऊ नका, वरचा थर निघून येतो. गठ्ठा दोन्ही हातांत धरून अगदी हलका मागेपुढे वाकवला की चिकटलेल्या कडा टक् टक् करत सुटतात. न सुटल्या तर तसाच राहू द्या. त्याहून जुन्या पॅकमध्ये च्युइंगमची पट्टी असायची आणि तिला लागून असलेल्या कार्डावर तिचा डाग पडायचा. बिग फनच्या गमबरोबर क्रिकेटपटूंचे धावा-विकेट जमवलेल्या पिढीला हे प्रकरण समजावून सांगायला नको. तो गम मात्र खाऊ नका. लोक खातात, म्हणून सांगितलं.

स्लीव्ह घालताना

चांगलं कार्ड निघालं की आनंदात ते लगेच टॉपलोडरमध्ये कोंबलं जातं. टॉपलोडर म्हणजे कडक प्लॅस्टिकचं पाकीट. त्यात कार्ड नुसतं घातलं तर आतल्या भिंतींना घासतं आणि कडेला धूळ असेल तर ओरखडा ठरलेला. आधी मऊ स्लीव्ह, मग टॉपलोडर.

स्लीव्ह घालतानाच कोपरे मोडतात, म्हणून हे जरा सावकाश. स्लीव्हच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटाने हलक्या दाबल्या की तिचं तोंड उघडतं. कार्डाचा खालचा एक कोपरा आधी आत, मग दुसरा, आणि दोन्ही नीट आत गेल्याची खात्री झाल्यावरच कार्ड खाली ढकलायचं. कोपरा प्लॅस्टिकच्या ओठाला अडकला तर जोर लावू नका, बाहेर काढून पुन्हा घाला. तिथे लावलेला एक धक्का पुरतो. टोक पांढरं पडतं आणि ते परत रंगत नाही.

साधं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं असतं आणि ३५ पॉइंटच्या (पॉइंट हे जाडीचं माप) टॉपलोडरमध्ये बसतं. रेलिक आणि पॅच जाड असतात. त्यांना ७५, १०० किंवा १३० पॉइंटचे घ्यावे लागतात. तोंड बंद करायला निळी पेंटर टेप वापरा आणि टोक दुमडून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला सोलता येईल. साधी सेलोटेप गोंद सोडते. रबरबँडबद्दल काय बोलावं! अल्बम घ्यायचा तर पानं पीव्हीसीची नाहीत ना ते बघा. पीव्हीसी कालांतराने चिकट होतं आणि कार्डाची वाट लावतं. पॉलिप्रॉपिलीनची पानं चालतात.

कार्ड वाकलंय, रेघ आहे, आता काय?

क्रोमची कार्डं पॅकमधूनच कमानीसारखी वाकलेली निघतात. एका बाजूला फॉइल, दुसऱ्या बाजूला कागदी पुठ्ठा. पुठ्ठा हवेतला ओलावा घेतो-सोडतो, फॉइल घेत नाही, म्हणून ताण येतो. स्लीव्ह आणि टॉपलोडरमध्ये घालून सपाट जागी काही दिवस हलक्या वजनाखाली ठेवलं की बरंच सरळ होतं. इस्त्री, हेअर ड्रायर यांच्या वाटेला जाऊ नका. सुट्टीत कार्डं घेऊन जुलैत पुण्या-मुंबईला येणार असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आपल्या पावसाळ्यात कोरडी कार्डंही वाकतात.

पृष्ठभागावर सरळ रेघ असेल आणि नखाला लागत नसेल तर ती बहुधा छपाईतली आहे. पुसून जाणार नाही, पुसत बसू नका. ठसा असेल तर कोरड्या मायक्रोफायबरने हलकं टिपा. पाणी, स्पिरिट, चष्म्याचं लिक्विड यांतलं काही नको. कार्डाशी छेडछाड झाली असं पीएसएसारख्या ग्रेडिंग कंपनीला, म्हणजे फी घेऊन कार्डाची स्थिती तपासून दहापैकी अंक देणाऱ्या कंपनीला, वाटलं तर ती अंक द्यायचं नाकारते.

आणि प्रत्येक कार्ड ग्रेडिंगला पाठवू नका. दहापैकी दहा मिळवायला कार्डाच्या पुढच्या बाजूचं चित्र जवळजवळ मधोमध, म्हणजे साधारण ५५-४५ च्या आत असावं लागतं. कोपरे उत्तम पण चित्र एका अंगाला झुकलेलं, तर फी पाण्यात. पाच डॉलरच्या कार्डासाठी त्याहून मोठी फी भरणारे खूप आहेत.

ढिगात टाकलेलं कार्ड

माझ्या मते सगळ्यांत महागडी चूक हीच. पॅक फुटतो, चमकणारं बाजूला, बाकी सगळं बुटाच्या खोक्यात. चमकत नाहीत ती कार्डंही बघावी लागतात. काही कार्डांचं चित्र फक्त वेगळं असतं. नंबर तोच, खेळाडू तोच, पण फोटो दुसरा आणि छापलेल्या प्रती कमी. ओळखायचं कसं? कार्डाच्या मागे खाली, कॉपीराइटच्या ओळींत एक बारीक कोड असतो. त्याच पॅकमधल्या साध्या कार्डाचा कोड शेजारी धरा. शेवटचे आकडे वेगळे असतील तर ते कार्ड बाजूला काढा आणि त्या वर्षीची कोडयादी शोधा; कोड दर सिरीजला बदलतात. काही पॅरललवर किती प्रती छापल्या तो अंक असतो: २०२४ च्या सोनेरी कडेच्या कार्डांच्या प्रत्येकी २,०२४ प्रती. हा अंक कधी पुढे, कधी मागे असतो आणि फॉइलवर सहज नजरेतून सुटतो.

रूकी, म्हणजे नवोदित खेळाडूच्या, कार्डांवर २००६ पासून "आरसी" असं चिन्ह येतं, त्यामुळे ती शोधणं सोपं आहे. बोमन या टॉप्सच्याच दुसऱ्या मालिकेतल्या कार्डांवरचं "फर्स्ट" मात्र रूकी नव्हे. तो मोठ्या लीगमध्ये न पोचलेल्या खेळाडूंचा मामला आहे, दोन्हींची सरमिसळ करू नका. २०११ च्या टॉप्स अपडेटमध्ये यूएस१७५ नंबरचं एक साधं कार्ड होतं. खेळाडूने त्या वर्षी ४० सामन्यांत .२२० च्या सरासरीने फटकेबाजी केली होती, म्हणजे मिरवण्यासारखं काही नव्हतं. नाव माइक ट्राउट. पुढच्याच वर्षी त्याने अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू हा मान मिळवला, आणि लोक खोकी उपसायला लागले.

उलट टोकाची चूकही आहे: बॉक्स न फोडता तसाच ठेवायचा, वीस वर्षांनी सोनं होईल म्हणून. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नेमकं हेच लाखो लोकांनी केलं आणि कंपन्यांनीही बेसुमार छापलं. त्या काळचे बहुतेक सीलबंद बॉक्स आज कवडीमोल. अपर डेक या दुसऱ्या कंपनीच्या १९८९ च्या संचातलं केन ग्रिफी ज्युनियरचं १ नंबरचं कार्ड अजून मागणीत आहे, पण असे अपवाद बोटांवर मोजण्याइतके.

विकायचंच असेल तर ईबेवर लोक मागतात ती किंमत बघू नका, विकल्या गेलेल्या कार्डांची यादी उघडा. सिरीज आल्याच्या पहिल्या आठवड्यात भाव चढे असतात. जसजसे पॅक फुटतात तसतसे बहुतेक कार्डांचे उतरतात.

पॅकमध्ये कधी कार्डाऐवजी रिडेम्प्शन निघतं. खेळाडूची सही वेळेवर आली नाही की कंपनी कोड असलेलं कार्ड घालते. कोडवरचं आवरण खरवडून तो वेबसाइटवर भरायचा असतो. नाण्याने जोरात खरवडलं तर अक्षरंच जातात. त्यावर शेवटची तारीख असते, आणि जुना बॉक्स घेतलात तर ती उलटून गेलेली असू शकते, हे बॉक्सची किंमत ठरवतानाच लक्षात घ्या. सगळी कार्डं तपासून होईपर्यंत पॅकचे कागद, बॉक्सवरचा बारकोड आणि पावती टाकू नका. हमी दिलेलं कार्ड निघालंच नाही किंवा चेपलेलं निघालं, तर तक्रार करताना कंपनी पहिल्यांदा तेच मागते.