बॉल, गेज आणि वही : खान्देशात फुटबॉल रेफरी होऊ पाहणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारकडची मुलं-मुली अलीकडे रेफरी व्हायचं म्हणून विचारायला येतात. पहिला प्रश्न बहुतेक ऑफसाइडचा असतो, नाहीतर धावण्याच्या चाचणीचा. ऑफसाइड सामने बघून बघून डोळ्यात बसतो. धावणं सरावाने येतं. मी त्यांना आधी दुसरंच सांगतो : बॉल हातात घ्या, त्यातली हवा मोजा आणि तो आकडा वहीत लिहा. आपल्याकडच्या मैदानावर भांडण पेटतं ते पुष्कळदा ऑफसाइडवरून नाही, संशयावरून. ‘बॉल बदलला’, ‘पोरगं वयानं मोठं आहे’, ‘त्या बाजूचा बार खाली आहे’. असे आरोप अंगावर आल्यावर कुठे उभं राहायचं हे ज्याला कळलं, तो रेफरी टिकतो.

प्रवेशाचा रस्ता थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रातलं फुटबॉल वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, बघते. तिच्याखाली जिल्हा संघटना असतात. आपल्या जिल्हा संघटनेत नाव द्या आणि रेफरी अभ्यासक्रम लागला की कळवा म्हणून सांगून ठेवा. लेखी परीक्षा नियमांवर, मग तोंडी, मग मैदानी चाचणी. नियम बनवते आयएफएबी ही संस्था. बदल दरवर्षी १ जुलैपासून लागू होतात, म्हणून कुणाकडून मिळालेली जुनी पुस्तिका घोकू नका. एवढं पुरे.

आता बॉल. फुटबॉलचा नियम क्रमांक २ सांगतो : घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, सामना सुरू होताना वजन ४१० ते ४५० ग्रॅम, आतला दाब ०.६ ते १.१ वातावरण. हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर हे ८.५ ते १५.६ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) येतं. मर्यादा बरीच रुंद आहे, आणि तिथेच नवा रेफरी फसतो. ९ चा बॉल आणि १५ चा बॉल दोन्ही नियमात बसतात, पण पायाला ते दोन वेगळे बॉल लागतात. ज्या संघाला मऊ बॉलची सवय आहे त्याला कडक बॉल दगडासारखा वाटतो, आणि मग ‘काय भो, मुद्दाम फुगवला का?’ सुरू होतं. संशय त्या मुलाच्या पायातून आलेला असतो, त्यामुळे त्याला वेड्यात काढू नका. दोन्ही कर्णधारांसमोर मोजा. दोघांनाही दाबून पाहू द्या.

आपल्या भागात याला उन्हाची जोड आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. सकाळी खोलीत २५ अंशांना ११ पीएसआयला भरलेला बॉल दुपारी मैदानावर ठेवला आणि आतली हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तर गेज पावणेतेराच्या आसपास दाखवील. कुणी पंप मारलेला नसतो. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, शाळेतलंच विज्ञान आहे. हाच बॉल सकाळी १५ ला भरला असेल तर दुपारी १७ च्या घरात जाऊन नियमाबाहेर पडेल. म्हणून उन्हाळी स्पर्धेत बॉल खेळाच्या जागेवर, सावलीत निदान अर्धा तास ठेवून मगच मोजायचा, आणि राखीव बॉलही तिथेच, त्याच वेळी. सुईला ग्लिसरीनचा किंवा पाण्याचा थेंब लावा; कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते. दर वेळी सुई घालताना थोडी हवा जाते हेही धरून चाला.

हे सगळं मी इतक्या आग्रहाने का सांगतो ते अमेरिकेतल्या एका प्रकरणावरून कळेल. तो खेळ वेगळा आहे, अमेरिकन फुटबॉल, हातात घेऊन पळायच्या लांबट बॉलचा. त्यांच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये बॉलचा दाब १२.५ ते १३.५ पीएसआय लागतो आणि आक्रमण करताना प्रत्येक संघ आपण तयार केलेले बॉल वापरतो. १८ जानेवारी २०१५ ला न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांचा सामना झाला. मध्यंतराला पेट्रियट्सचे ११ बॉल मोजले, सगळे १२.५ च्या खाली. कोल्ट्सचे वेळ संपत आल्याने चारच मोजले गेले. दोन गेज वापरले होते आणि दोघांचे आकडे जुळत नव्हते. एका गेजवर कोल्ट्सचे चारही बॉल नियमात, दुसऱ्यावर त्यांतले तीन नियमाबाहेर. आणि सर्वांत महत्त्वाचं, सामन्याआधी मोजलेले आकडे कुणी लिहून ठेवलेच नव्हते. मुख्य पंचांनी आधी कोणता गेज वापरला यावरही पुढे चौकशीत वाद झाला.

त्या संध्याकाळी मैदानावर थंडी होती, साधारण ९ अंश. उबदार खोलीत १२.५ ला भरलेला बॉल तेवढ्या थंडीत आपोआप ११.३ च्या आसपास उतरतो. मग किती घट थंडीची आणि किती माणसाच्या हाताची? चौकशी अहवालाने पेट्रियट्सच्या कर्मचाऱ्यांनी मुद्दाम हवा काढली असण्याची शक्यता जास्त धरली. त्यांचा कर्णधार टॉम ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी आली, संघाला १० लाख डॉलर दंड झाला. न्यायालयाने २०१५ च्या सप्टेंबरात बंदी उठवली, वरच्या न्यायालयाने २०१६ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा लावली. अनेक शास्त्रज्ञ अजूनही त्या आकड्यांवर आक्षेप घेतात. त्या सामन्यात दुसऱ्या हाफला बॉल नीट भरून दिल्यावर पेट्रियट्सनी २८ गुण केले, समोरच्यांनी शून्य. म्हणजे फायदा झाला की नाही यावरही एकमत होणं अवघड. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, की वहीतल्या एका ओळीने निम्मा वाद मिटला असता : वेळ, जागा, गेज कोणता, दाब किती. पुढच्या हंगामापासून एनएफएलने बॉलना क्रमांक देऊन दाब नोंदवायला लावला. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत तर बॉल दोनच असतात. त्यांच्यावर मार्करने १ आणि २ लिहायला काय जातं?

गेज एकच वापरा, तोच सामन्याआधी, तोच मध्यंतराला. बॉल आयोजकांचा असतो, दोन्ही संघ त्याच बॉलने खेळतात, म्हणून आपल्याकडे संशयाची जागा कमी आहे. पण बॉलवरचा संशय जुना आहे. १९३० च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उरुग्वे आणि अर्जेंटिना दोघांनाही आपलाच बॉल हवा होता. शेवटी पहिला हाफ अर्जेंटिनाच्या बॉलने, दुसरा उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे, सामना संपला तेव्हा उरुग्वे ४-२ ने जिंकलेलं.

खेळ चालू असताना बॉल फुटला किंवा बसला तर शिट्टी द्या, नवा बॉल घ्या, ड्रॉप बॉलने, म्हणजे हातातून बॉल खाली सोडून, सुरुवात करा. कॉर्नर, थ्रो-इन किंवा फ्री किक घेताना फुटला तर तीच किक किंवा थ्रो पुन्हा. तुमच्या परवानगीशिवाय बॉल बदलता येत नाही, हे बाहेर उभ्या बॉल आणून देणाऱ्या पोरांना आधीच सांगा.

गोलचे खांब टेप घेऊन मोजा : रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. गावच्या मैदानावर माती धुपते, एका बाजूचा बार खाली येतो, आणि हाफ बदलताना आरडाओरडा होतो. मोडलेल्या बारच्या जागी दोरी बांधलेली नियमाला चालत नाही. बार दुरुस्त होत नसेल तर सामना सोडून द्यावा लागतो. गर्दी कितीही असो, तुमचा निर्णय असा हवा की कुणाचं डोकं फुटणार नाही.

खेळाडूंकडे या. कडं, साखळी, अंगठी काढायचीच, वर टेप गुंडाळून चालत नाही. आईने बांधलेला ताईत असेल तर मुलाला बाजूला घेऊन शांतपणे सांगा. चारचौघांत ओढून काढू नका. नडगीवरच्या शिनगार्डशिवाय कुणी आत नाही. धावताना बूट निघाला आणि त्याच दमात मुलाने गोल मारला, तर तो गोल आहे. समोरचे चिडतील, पण नियम स्पष्ट आहे.

वयाचा संशय मात्र आपल्या हातात नाही, आणि आपल्या हातात घ्यायचाही नाही. चौदा वर्षांखालच्या सामन्यात ओठावर मिसरूड दिसली म्हणून मुलाला बाहेर काढू नका. नावांची यादी आणि ओळखपत्र जुळतंय का ते पाहा, आक्षेप लेखी घ्या, आयोजकांकडे द्या.

यंत्रांचं सांगायचं तर, मोठ्या सामन्यातही ती दगा देतात आणि लगेच यजमानांकडे बोट जातं. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच पेट्रियट्सच्या मैदानावर पिट्सबर्ग स्टीलर्सच्या प्रशिक्षकांच्या हेडसेटमध्ये यजमान संघाचं रेडिओ समालोचन ऐकू येऊ लागलं. लीगने नंतर विजेतील बिघाड आणि पावसाळी हवा हे कारण दिलं. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये अ‍ॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेडच्या सामन्यात बॉल गोलरेषेच्या आत गेला, पण गोलरेषा यंत्रणेचे कॅमेरे खेळाडू आणि खांबामुळे झाकले गेले. रेफरीच्या घड्याळावर इशाराच आला नाही. सामना ०-० सुटला, यंत्रणेच्या कंपनीने माफी मागितली. दोन्ही प्रसंगांत ज्यांचं नुकसान झालं त्यांचा राग खरा होता, पण त्यातून कुणी मुद्दाम केलं हे सिद्ध झालं नाही. तुमच्याकडे यंत्र म्हणजे घड्याळ. दोन ठेवा, एक चालू राहणारं आणि एक थांबवायचं.

अहवाल लिहिताना संशय आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांतला फरक पाळा. ‘संघाने बॉलमधली हवा काढली’ असं लिहू नका, तुम्ही काढताना पाहिलं असेल तरच लिहा. ‘३१ व्या मिनिटाला बॉल क्रमांक १ मऊ वाटला, मोजला, ७ पीएसआय, बॉल क्रमांक २ घेतला’ असं लिहा. कोण काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, शिवीसकट. घरी जाऊन जेवणाआधी लिहा, रात्र उलटली की मिनिटं सरकतात. एक प्रत आयोजकांना, एक जिल्हा संघटनेला, एक स्वतःजवळ. आणि रोज संध्याकाळी सराव चालणारं एखादं मैदान गाठून तिथल्या प्रशिक्षकांना सांगा की सरावाचे सामने मी फुकट घेईन. गेज तुमचा, वही तुमची. पहिल्या वर्षी एवढं मागायला लाजू नका.