आधी दोन मिनिटांचं बोलणं, मग पोस्टर: संगणकशास्त्राच्या परिषदेसाठी तयारी

परिषदेत आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर मांडून, शेजारी उभं राहून समजावायचं असतं; तो कागद म्हणजे पोस्टर. ते करायला बसलं की बहुतेक विद्यार्थी आधी टेम्पलेट उघडतात आणि शोधनिबंधातले परिच्छेद त्यात ओततात. मग परिषदेत पोस्टर एकीकडे आणि बोलणं दुसरीकडे, अशी गत होते. क्रम उलटा ठेवा. समोर उभ्या माणसाला दोन मिनिटांत काय सांगायचं ते आधी लिहून काढा. बोलताना ज्या आकृतीकडे बोट जाईल तिलाच पोस्टरवर जागा द्या, बाकीचं निबंधात राहू द्या.

इंदूरच्या मराठी घरातल्या मुलांचा विचार मराठीत चालतो, कॉलेजातलं बोलणं हिंदीत आणि पोस्टर इंग्रजीत. म्हणून पहिला मसुदा मराठीतच लिहा आणि राजेंद्रनगरातल्या शेजारच्या काकूंना ऐकवा. उत्तर नाही कळलं तरी चालेल, पण प्रश्न काय आहे तो त्यांना कळला पाहिजे. नंतर हिंदी आणि इंग्रजीत तयार करा. प्रत्येक भाषेत वीस सेकंदांचं एक आणि दोन मिनिटांचं एक, असं दोन्ही तोंडात बसलेलं असावं.

समजा, होळकर दरबारच्या मोडी कागदांवरची अक्षरं संगणकाने ओळखावीत यावर तुमचं काम आहे. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ, म्हणजे शिरोरेषा, ओढून घेत आणि मग तिच्याखाली शब्द न तोडता अक्षरं लिहीत. त्यामुळे अक्षरं वेगळी करणं हीच खरी अडचण. ‘मोडी अक्षरओळखीसाठी डीप लर्निंगचा अभ्यास’ या शीर्षकातून काहीच हाती लागत नाही. ‘शिरोरेषा आधी पुसली तर मोडी अक्षरं जास्त अचूक ओळखली जातात’ असं म्हटलं की चालता माणूस थांबतो. निष्कर्ष मध्यभागी मोठ्या अक्षरांत लिहिण्याची मांडणी मानसशास्त्राचे संशोधक माइक मॉरिसन यांनी २०१९ मध्ये पुढे आणली. ती जशीच्या तशी घ्यायची गरज नाही, पण निष्कर्ष वर आणि ठळक असावा हे तत्त्व पक्कं धरा.

आता मापं. आधी आयोजकांचं पत्र वाचून बोर्ड उभा आहे की आडवा ते पाहा. आडव्या बोर्डावर उभं पोस्टर खाली लोंबतं. पोस्टरच्या ए० कागदाचं माप ८४१ × ११८९ मिलिमीटर. पॉवरपॉइंटमध्ये हे माप पहिल्याच मिनिटाला द्या, कारण शेवटी बदललं की सगळी मांडणी ताणली जाते. शीर्षक ८५ ते १०० पॉइंट, उपशीर्षकं ४५ ते ५०, मजकूर २८ ते ३२, आकृतीखालच्या ओळी २४च्या खाली नकोत. एकूण शब्द ३०० ते ४००.

आलेखांत सर्वांत जास्त चुका होतात. मॅटप्लॉटलिब या पायथॉनमधल्या आलेख काढायच्या साधनाचा आलेख मुळात ६.४ इंच, म्हणजे सुमारे १६ सेंटिमीटर रुंद असतो आणि अक्षरं १० पॉइंटची. तो पोस्टरवर ३५ सेंटिमीटरपर्यंत ओढला की अक्षरं जेमतेम २१ पॉइंटची होतात आणि अक्षांवरचे आकडे दिसत नाहीत. म्हणून आलेख काढतानाच रुंदी १३.८ इंच आणि अक्षरं २८ पॉइंट ठेवा आणि पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये साठवा, म्हणजे मोठा केला तरी फुटत नाही. स्क्रीनशॉट अजिबात नको. लाल-हिरव्या रंगांतला फरक काहींना दिसत नाही, म्हणून एक रेघ तुटक करा, दुसरीवर ठिपके द्या. तुलना कशाशी केली, नमुने किती, प्रयोग किती वेळा चालवला, हे आलेखाच्या शेजारीच लिहा. अचूकतेचा एकटा आकडा जाणकाराला पटत नाही, आणि पटूही नये.

छापण्याआधीची एक तपासणी कधीच चुकवू नका. पोस्टर ए४वर छापा. ए०ची लांबी-रुंदी ए४च्या चौपट, म्हणजे २८ पॉइंटचं अक्षर इथे ७ पॉइंटचं होतं. हा कागद ४० सेंटिमीटरवर धरून वाचता आला, तर खरं पोस्टर १६० सेंटिमीटरवरून वाचता येईल. डोळे बारीक करावे लागले तर मजकूर कापा.

छपाईला झेरॉक्सचं साधं दुकान चालत नाही. आर्किटेक्ट जिथे नकाशे छापतात तसं प्लॉटर, म्हणजे रुंद रोलवर छापणारं यंत्र, असलेलं दुकान शोधा. ३६ इंची रोलवर ए० नीट बसतं. कागद मॅट घ्या, १७० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा). चकचकीत कागदावर हॉलचे दिवे चमकतात. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण बारीक रेघा त्यावर फिसकटतात. गडद पार्श्वभूमीत शाई फार जाते आणि पातळ कागद सुरकुततो. फाइल पीडीएफच द्या आणि फॉन्ट आत बसवलेले आहेत याची खात्री करा. मोडीला युनिकोडात, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक संकेतप्रणालीत, २०१४ साली जागा मिळाली, पण दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट असेलच असं नाही. फाइल कोरल ड्रॉमध्ये उघडून पुन्हा साठवली की मोडीचे चौकोन होतात आणि देवनागरी जोडाक्षरं फुटतात. ‘पूर्ण मापात छापा, फिट टू पेज नको’ हे तोंडी सांगा आणि छपाई सुरू होताना तिथेच थांबा.

क्यूआर कोड किमान ५ सेंटिमीटरचा असावा आणि चारही बाजूंनी कोरी पांढरी जागा सोडा. मित्राच्या फोनवरून तो उघडून पाहा. गूगल ड्राइव्हने परवानगी मागितली तर तो कोड असून नसल्यासारखा.

गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे टांगल्यावर कडा बोर्डाकडे वळतात. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाताना नळी वरच्या बर्थवर मावते. विमानात केबिन बॅगेच्या मापात ती बसत नाही, तेव्हा कापडावर छापून घडी घातलेली बरी. पावसाळ्यात नळीला प्लॅस्टिक लावा.

सत्राच्या अर्धा तास आधी पोहोचा. सोबत पिना, दुहेरी टेप, पाणी. प्रात्यक्षिक असेल तर त्याचा व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवून ठेवा, हॉलच्या वायफायवर विसंबू नका. पोस्टरसमोर नाही, बाजूला उभे राहा. कुणी थांबलं की आधी विचारा, ‘आप इसी विषय पर काम करते हैं?’ उत्तर ऐकून वीस सेकंदांचं सांगा आणि गप्प बसा. ऐकणारा प्रश्न विचारेल किंवा पुढे जाईल, दोन्ही ठीक. मध्येच दुसरं कुणी आलं तर पहिल्यापासून सुरू करू नका, एका वाक्यात त्यांना सामील करून घ्या.

परीक्षक बहुधा तीन गोष्टी विचारतात: यात तुमचा स्वतःचा भाग कोणता, याआधी हे कुणी कसं केलं होतं, आणि हे कुठे फसतं. तिसऱ्यासाठी चुकलेल्या नमुन्यांची एक लहान चौकट पोस्टरवरच ठेवा. एसीएम या संगणकशास्त्राच्या जागतिक संघटनेच्या विद्यार्थी संशोधन स्पर्धेत पहिली फेरी पोस्टरचीच असते आणि निवडलेल्यांना पुढे भाषण द्यावं लागतं, तेव्हा ही उत्तरं तिथेही उपयोगी पडतात. उत्तर येत नसेल तर ‘हे तपासलेलं नाही’ असं सरळ सांगा.

प्रत्येक प्रश्न लगेच वहीत टिपा, शेजारी विचारणाऱ्याचं नाव. सत्र संपल्यावर पोस्टर काढून न्या आणि ज्यांनी ईमेल पत्ता दिला त्यांना दोन दिवसांत पीडीएफ पाठवा, पहिल्याच ओळीत त्यांचा प्रश्न लिहून.